ईए८८८ : फोक्सवॅगन समूहाचे टर्बो पेट्रोल इंजिन

सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) पेट्रोल इंजिनांचे हे एक कुळ. ते विकसित केले ऑडीने आणि वापरले फोक्सवॅगन समूहातल्या जवळपास सगळ्यांनी. फोक्सवॅगन, स्कोडा व सीट या स्पॅनिश कंपनीच्या गाड्यांवर ते ‘टीएसआय’ म्हणून, तर ऑडीवर ‘टीएफएसआय’ म्हणून ओळखले जाते. १.८ लिटर (१७९८ सीसी) आणि २.० लिटर (१९८४ सीसी) ही त्याची दोन मुख्य रूपे. पहिली पिढी २००७ च्या सुमारास रस्त्यावर आली, दुसरी तिच्या पाठोपाठ आणि तिसरी २०११-१२ पासून. हंगेरीतील ग्यूर हे त्याचे मुख्य माहेर. २०१३ पासून मेक्सिकोतील सिलाओ येथेही ते तयार होऊ लागले. महाराष्ट्राशी त्याचा थेट संबंध आहे, कारण छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जोडलेल्या स्कोडा लॉरा, सुपर्ब, ऑक्टाव्हिया आणि ऑडी ए४ या गाड्यांतून ते भारतात आले.

रचना : ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. दोन्ही रूपांत बोअर (सिलिंडरचा व्यास) ८२.५ मिमी, २.० लिटरमध्ये स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ९२.८ मिमी. पहिल्या १.८ लिटर रूपात कॉम्प्रेशन ९.६ : १, ताकद १६० अश्वशक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) २५० न्यूटन-मीटर होता. हा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमलाच हाती येत असे. मोठ्या गाडीला छोटे इंजिन असूनही चढावर गिअर पाडावा लागत नाही, याचे चालकांना जे कौतुक वाटे त्याचे मूळ इथे आहे. पुढे गोल्फ जीटीआयमध्ये याच कुळातून २१० अश्वशक्ती निघाली आणि इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत गोल्फ आरमध्ये ३००. एवढा ताण पेलणारा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक व क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), खरोखर दणकट आहे. या इंजिनाची बदनामी झाली ती हाताच्या मुठीत मावतील अशा भागांमुळे, आणि त्यातल्या बहुतेकांचा धागा ऑईलशी जाऊन मिळतो.

पेट्रोलची फवारणी थेट सिलिंडरमध्ये होते. पहिल्या पिढीत तिचा दाब १५० बारपर्यंत जाई, तिसऱ्या पिढीत २०० बारपर्यंत. कंप मारण्यासाठी दोन बॅलन्स शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), बॅलन्स शाफ्ट आणि ऑईल पंप यांना तीन वेगवेगळ्या चेन चालवतात. आधीच्या ईए११३ या २.० लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट होता आणि तो ठरावीक अंतराने बदलावा लागे. नव्या इंजिनात चेन आली तेव्हा ती गाडीच्या जन्मभर पुरेल असा समज पसरला. तो महागात पडला.

टायमिंग चेनचा टेन्शनर : चेन ताणून धरणारा हा छोटा दट्ट्या ऑईलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झाले की दाब जातो. मग दट्ट्या मागे सरकू नये म्हणून त्याला दातेरी खाचा व खटका असतो. सुरुवातीच्या टेन्शनरमध्ये हा खटका सोडून देई. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना ऑईलचा दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते आणि इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा एक-दोन सेकंद खडखडाट येतो. बरेच जण तो ‘थंडीचा आवाज’ म्हणून सोडून देतात. तो सोडून देऊ नये. सैल चेन एक-दोन दात उडाली की कॅमशाफ्टचा आणि क्रँकचा मेळ तुटतो, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. पुष्कळदा असे इंजिन धावताना नव्हे, तर चावी फिरवतानाच जाते.

तपासणी अवघड नाही. चेनच्या खालच्या कव्हरला एक रबरी बूच असते. ते काढून टॉर्च आणि छोटा आरसा धरला की टेन्शनरच्या दट्ट्यावरच्या खाचा दिसतात. बाहेर दिसणाऱ्या खाचा जितक्या जास्त, तितकी चेन लांबलेली. टेन्शनर जुन्या घडणीचा की सुधारलेला, हेही त्याच भोकातून कळते. स्कॅनर लावून कॅमशाफ्ट मूळ जागेपासून किती अंश सरकला आहे हे वाचता येते, पण त्यातून फक्त चेनचे वय समजते. खटका शाबूत आहे की नाही ते समजत नाही.

आणखी एक गोष्ट घाटरस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. उतारावर हँडब्रेक न लावता नुसती गिअरमध्ये उभी केलेली गाडी थोडी मागे सरकली, तर इंजिन उलटे फिरते आणि चेनचा ताण नेमका टेन्शनरच्या बाजूला येतो. खटका कमकुवत असेल तर एवढ्यानेही चेन दात सोडू शकते. अशा गाडीचा हँडब्रेक आधी ओढावा, गाडीचा भार त्यावर येऊ द्यावा आणि मग गिअर टाकावा.

साधारण २०१२ पासून सुधारित टेन्शनर बसू लागले. अमेरिकेत या भागावरून ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात २०१८ मध्ये तडजोड मंजूर झाली आणि ठरावीक गाड्यांच्या टेन्शनरवरची वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढली.

ऑईल पिणे : हा मुख्यतः दुसऱ्या पिढीचा आजार. पेट्रोल वाचवण्यासाठी त्या पिढीत इंजिनाच्या आतले घर्षण कमी केले गेले. क्रँकच्या मुख्य बेअरिंगचा व्यास ५८ वरून ५२ मिमीवर आला, ऑईल पंप दोन पायऱ्यांच्या दाबाचा झाला आणि पिस्टनवरची ऑईल खरवडणारी रिंग अधिक बारीक व कमी ताणाची केली गेली. शेवटचा बदल अंगाशी आला. रिंगमागची ऑईल परत जाण्याची भोके लहान होती. ती काजळीने बुजली, रिंग आपल्या खाचेत चिकटून बसली आणि ऑईल सिलिंडरच्या भिंतीवर राहून जळू लागले. धूर फारसा दिसत नाही, म्हणून मालकाला पत्ता लागतो तो थेट डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटल्यावर.

हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑईल जाणे उत्पादकाच्या हँडबुकात मान्य धरले आहे. या इंजिनात ऑईल मावते सुमारे ४.६ लिटर आणि स्कोडाच्या सर्व्हिसचा भारतातला नेहमीचा टप्पा १५,००० किमीचा. म्हणजे कागदावर ‘नॉर्मल’ असलेली गाडी दोन सर्व्हिसच्या मध्ये साडेसात लिटर ऑईल पिऊ शकते. ही मर्यादा ग्राहकाच्या हिताची नाही. हजाराला पाव लिटरच्या वर ऑईल जाऊ लागले की कारण शोधायला हवे. पक्का उपाय म्हणजे बदललेल्या घडणीचे पिस्टन व रिंगा, आणि तो खर्चाचा आहे. जाड ऑईल टाकून दिवस ढकलता येतात, दुरुस्ती होत नाही.

ऑईल कमी झाल्याचे परिणाम इतरत्रही उमटतात. टर्बोचे बेअरिंग आणि चेनचा टेन्शनर दोन्ही त्याच ऑईलवर जगतात. म्हणून या इंजिनात दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक पाहणे आणि फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचे ऑईल १५,००० ची वाट न पाहता ७-८ हजारांवर बदलणे, ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती ठरते.

ऑईल सेपरेटर : रिंगांना दोष देण्याआधी हा भाग पाहावा. क्रँककेसमधल्या वाफेतून ऑईल वेगळे करणारे हे प्लॅस्टिकचे डबडे इंजिनाच्या डोक्यावरच असते. त्यातला रबरी पडदा फाटला की आयडलिंग खालीवर होते, शिट्टीसारखा किंवा विव्हळल्यासारखा आवाज येतो आणि ऑईलचा खपही वाढतो. इंजिन चालू ठेवून डिपस्टिक वर ओढावी. आवाज थांबला तर चोर सापडला. ऑईलचे झाकण आतून कोणी धरून ठेवल्यासारखे निघेनासे होणे ही दुसरी खूण. दुर्लक्ष केले तर आतल्या जास्तीच्या व्हॅक्यूममुळे क्रँकचे मागचे सील गळू लागते, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बदलायला सोपा असा एक भाग वेळेवर न बदलल्याने गाडी चार दिवस गॅरेजात पडते.

काजळी : पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत. सेपरेटरमधून निसटलेली ऑईलची वाफ त्यांवर बसते, भाजते आणि काळा, खडबडीत थर साचतो. सकाळी गाडी मिसिंग मारते, पिकअप मंदावतो. टाकीत ओतायच्या औषधांचा इथे उपयोग नाही, कारण ती पेट्रोलबरोबर जातात आणि पेट्रोल तिथे पोचतच नाही. खरा उपाय अक्रोडाच्या कवचाचा चुरा. इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा भाग) काढायचा, ज्या सिलिंडरचे काम करायचे त्याचे व्हॉल्व्ह बंद राहतील असा क्रँक फिरवायचा आणि दाबाच्या हवेने चुरा मारत दुसऱ्या नळीने तो ओढून घ्यायचा. कवच काजळी उडवण्याइतके कठीण असते, पण धातूला ओरखडा पाडत नाही. शेवटी कोळशासारख्या व्हॉल्व्हचा चकचकीत दांडा दिसू लागतो.

कूलंटची गळती : वॉटर पंप व थर्मोस्टॅटचे प्लॅस्टिकचे एकत्र घर इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेले असते आणि उष्णतेने कालांतराने तडकते. पंप बॅलन्स शाफ्टच्या टोकावरून एका छोट्या दातेरी बेल्टने फिरतो. थेंब जमिनीपर्यंत येत नाहीत. गोडसर वास आणि गुलाबी-पांढरी पुटे एवढीच खूण. ही तक्रार तिसऱ्या पिढीतही संपली नाही.

तिसरी पिढी : एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतला गेला आणि पाण्याने थंड होऊ लागला, टर्बोच्या वेस्टगेटला (दाब आवरणाऱ्या झडपेला) इलेक्ट्रिक मोटर मिळाली, ऑईलचा खप आटोक्यात आला. युरोपीय रूपांत थेट फवारणीच्या जोडीला इनटेकमध्येही फवारणी आली, त्यामुळे तिथे काजळी मागे पडली. काही बाजारपेठांत मात्र नुसत्या थेट फवारणीचीच इंजिने गेली. भारतात १.८ लिटरची १८० अश्वशक्ती ऑक्टाव्हियाच्या ऑटोमॅटिकमध्ये २५० न्यूटन-मीटरवर अडवली होती, तर सुपर्बच्या मॅन्युअलमध्ये ३२० न्यूटन-मीटर मिळत. हा फरक इंजिनाचा नव्हे. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाच २५० न्यूटन-मीटर होती. २०२० मध्ये बीएस-६ आले तेव्हा १.८ लिटर रूप भारतातून गेले आणि १९० अश्वशक्तीचे २.० लिटर राहिले.

जुनी गाडी घेताना : आधी इंजिनाचे संकेताक्षर पाहावे. १.८ लिटरमध्ये ‘बीझेडबी’ म्हणजे पहिली पिढी, ‘सीडीएए’ म्हणजे दुसरी. मालकाला आदल्या रात्रीपासून गाडी बंद ठेवायला सांगावे, सकाळी स्वतः बॉनेट उघडून बाजूला उभे राहावे आणि चावी दुसऱ्याला फिरवायला लावावी. बॉनेटवर हात ठेवल्यावर ते आधीच कोमट लागले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.