लाव्ह्याखाली झाकलेलं वाळवंट

ब्राझीलमधल्या आराराक्वारा शहरात जुन्या फुटपाथांवर तांबूस वालुकाश्माच्या फरश्या आहेत. काही फरश्यांवर एकामागे एक लहान खळगे दिसतात आणि खळग्याच्या एका कडेला चंद्रकोरीसारखी वळी. वाळूचा उतार चढता-उतरताना पायाने सरकलेली ती वाळू! 1970च्या दशकात इटालियन धर्मगुरू आणि जीवाश्मतज्ज्ञ ज्युसेप्पे लेओनार्दी यांनी या खुणांचा अभ्यास सुरू केला. ही पावलं डायनासोरांची आणि लहानखुऱ्या सस्तन प्राण्यांची होती.

ते चालले होते बोतुकातू वाळवंटात. हे वाळवंट पाराना द्रोणीत होतं. द्रोणी म्हणजे जमिनीचा अफाट पसरलेला खोलगट भाग. कोट्यवधी वर्षं त्यात गाळ साचत गेला: कधी समुद्राचा, कधी हिमनद्यांचा, आणि सगळ्यात वर या वाळूच्या टेकड्या. तेव्हा दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

सुमारे 13.4 कोटी वर्षांपूर्वी हा जोड उसवू लागला. भूकवच ताणलं गेलं, पातळ झालं आणि खालच्या तापलेल्या खडकावरचा दाब उतरला. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर तापतं तरी उकळत नाही, कारण वर दाब असतो. दाब गेला की तेच पाणी भसकन उसळतं. प्रावरणातल्या, म्हणजे भूकवचाखालच्या थरातल्या, खडकाचंही तसंच. जास्तीची उष्णता न मिळताही, नुसता दाब कमी झाल्याने तो वितळू लागतो. इथे तो मुळातच नेहमीपेक्षा जास्त तापलेला होता.

लांबलचक भेगांतून लाव्हा वर आला. पहिले प्रवाह टेकड्यांमधल्या सखल जागांतून वाहिले. वाळवंट लगेच मेलं नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. थंड झालेल्या काळ्या खडकावर वारा पुन्हा वाळू आणून टाकायचा, मग पुढचा प्रवाह तिला झाकायचा. बसाल्टच्या थरांत अडकलेले वालुकाश्माचे पट्टे याची साक्ष देतात. शेवटी काही ठिकाणी बसाल्टची जाडी दीड किलोमीटरच्या वर गेली. आपला दख्खनचा काळा पाषाण याच जातीचा, पण वयाने निम्मा.

भूखंडाची चीर मात्र द्रोणीच्या मधोमध न जाता पूर्वेकडून गेली. म्हणून बहुतेक लाव्हा अमेरिकेकडे राहिला आणि थोडा नामिबियात, एतेंदेका भागात. तिथे तर अख्ख्या टेकड्या आपल्या मूळ आकारासकट बसाल्टखाली जपलेल्या आहेत. मधल्या फटीत दक्षिण अटलांटिक शिरला.

इग्वासूचा धबधबा याच बसाल्टच्या पायऱ्यांवरून कोसळतो. पण खरा ठेवा खाली आहे. महाराष्ट्रात विहिरीचं पाणी बसाल्टच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात शोधावं लागतं. तिथे बसाल्टखालच्या सच्छिद्र वाळूतच पाणी भरलेलं आहे. ब्राझील, अर्जेंटिना, पॅराग्वे आणि उरुग्वे या चार देशांखाली पसरलेला हा ग्वारानी जलधर. रिबेराओ प्रेतो हे लाखो वस्तीचं शहर पूर्णपणे त्यावर जगतं.

वरचं बसाल्टचं झाकण जाड असल्याने पाऊस मुख्यतः कडेला, वालुकाश्म उघडा पडलाय तिथेच आत शिरतो. रिबेराओ प्रेतो अशाच कडेवर वसलंय. भोवती उसाची शेतं आहेत, आणि तिथलं पाणी आजही त्या जुन्या टेकड्यांच्या वाळूत मुरतंय.