पर्याय एक, मेनू दोनदा: सी मधल्या उरलेल्या एंटरची पार्श्वभूमी

समजा, सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानासाठी सी या प्रोग्रामिंग भाषेत मेनू लिहिलाय: १ चादर, २ टॉवेल, ३ बाहेर. १ दाबून एंटर मारलं की चादरीचा भाव येतो आणि पाठोपाठ ‘चुकीचा पर्याय’ म्हणत मेनू पुन्हा उमटतो. दोष स्कॅनएफला, म्हणजे टाइप केलेलं वाचणाऱ्या फंक्शनला, दिला जातो, पण मूळ टेलिटाइपच्या काळात आहे.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये घडत होते, तेव्हा टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारं यंत्र, टेलिटाइप. टायपिंगची चूक सुधारता यावी म्हणून एंटर येईपर्यंत सगळी ओळ सिस्टिम स्वतःकडेच धरून ठेवायची. लिनक्सचं टर्मिनल आजही तेच करतं. त्यामुळे प्रोग्रामच्या हाती दोन कॅरेक्टर पडतात: १ चा कोड ४९ आणि एंटरचा १०. स्कॅनएफमधला परसेंट सी, म्हणजे एकच कॅरेक्टर वाचायची खूण, ४९ उचलतो. उरलेला १० पुढच्या फेरीत पर्याय बनून येतो.

१९८७ मध्ये टर्बो सी हे सी चं कंपायलर आलं. त्यातलं गेटच हे फंक्शन थेट कीबोर्डवरून एकच कळ घ्यायचं, एंटरची गरजच नाही. त्या निळ्या स्क्रीनवर हात बसलेल्यांना हा घोळ कधी दिसलाच नाही. पण गेटच प्रमाण सी मध्ये नाही. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर आल्यावर त्याच्या जागी परसेंट सी घातला की उरलेला एंटर वर येतो. मग कुणीतरी एफफ्लश एसटीडीइन, म्हणजे उरलेलं इनपुट फेकून देण्याची आज्ञा, सुचवतं. प्रमाण सी मध्ये एफफ्लश फक्त आउटपुटसाठी आहे, त्यामुळे तो उपाय भरवशाचा नाही.

परसेंट सीच्या आधी एक स्पेस दिली की एंटर गाळला जातो. तरी कुणी १२ टाइप केलं, तर चादर आणि टॉवेल दोन्ही चालतात! म्हणून एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने सगळी ओळ घ्यावी, पहिलं कॅरेक्टर १ ते ३ मध्ये आहे का आणि दुसरं एंटरच आहे का हे तपासावं. ओळ बफरपेक्षा, म्हणजे ती साठवायच्या जागेपेक्षा, लांब निघाली, तर एकेक कॅरेक्टर वाचणाऱ्या गेटचारने एंटर किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) येईपर्यंत उरलेलं वाचून टाकावं. गेटचारचं उत्तर इंट या पूर्णांकाच्या प्रकारातच ठेवायचं: ईओएफ ऋण असतो आणि अनसाइन्ड चार या ऋण आकडे न धरणाऱ्या प्रकारात तो ओळखूच येत नाही, लूप थांबत नाही. एफगेट्सकडून नल आलं (म्हणजे ओळ मिळालीच नाही) तर थेट बाहेर पडावं.

आपल्याकडची आणखी एक गोम म्हणजे मराठी कीबोर्ड. देवनागरी १ यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचा असतो: २२४, १६५, १६७. स्पेस आणि परसेंट सीवर भागवलं असेल, तर एका आकड्याला ‘चुकीचा पर्याय’ तीनदा येतो.