झिर्कोनिया आणि टायटेनियम: इम्प्लांटमधल्या एका सांध्याची पार्श्वभूमी

इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू. त्याच्यावरची कॅप हलायला लागली की पेशंटला वाटतं इम्प्लांटच गेला. लातूर-नांदेडकडचा पेशंट दारातूनच सांगतो, "डॉक्टर, स्क्रूवाला दात हलायलाय की ओ." एक्स-रे काढावा तर हाडातला इम्प्लांट जागच्या जागी, स्क्रूही घट्ट. सुटलेला असतो तो मधला सांधा. खाली टायटेनियमचा बेस स्क्रूनं आवळलेला, वर झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचा अबटमेंट, म्हणजे कॅपला आधार देणारा भाग, आणि दोघांच्या मध्ये सिमेंटचा अगदी पातळ थर. एवढी भक्कम यंत्रणा उभी करून मध्येच हा चिकटवलेला सांधा का ठेवला, याचं उत्तर समजून घ्यायला बरंच मागं जावं लागतं.

हे दोन्ही पदार्थ मुळात एकाच माणसाच्या टेबलावरून गेलेले आहेत. बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लापरोट यानं १७८९ मध्ये सिलोनच्या झिरकॉन खड्यातून झिर्कोनिया वेगळा काढला. टायटेनियमचा माग १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगरला लागला होता. चार वर्षांनी क्लापरोटनं स्वतंत्रपणे तेच मूलद्रव्य शोधलं आणि त्याला नाव दिलं. आपल्याकडे केरळमधल्या चवराच्या किनाऱ्यावर तर दोघांची खनिजं एकाच काळ्या वाळूत सापडतात. तोंडात मात्र त्यांची गाठ पडायला दोनशे वर्षं लागली.

आधी आलं टायटेनियम. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटेनियमची नळी प्रयोगानंतर निघेना, कारण हाड तिला धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हाही ते इम्प्लांट कामात होते. ब्रोनेमार्क यांचं काम जिथं मांडलं गेलं त्या १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी ही पद्धत मनावर घेतली. त्याच दशकात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं. पण आमच्या भागात तेव्हा दात गेला की कवळी किंवा ब्रिज, एवढेच मार्ग होते.

टायटेनियमनं हाडाचा प्रश्न सोडवला, दिसण्याचा नाही. पुढच्या दातात हिरडी पातळ असली की खालचा धातू करड्या सावलीसारखा दिसतो. १९८८ मध्ये यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाच्या नावाचा अबटमेंट आला. त्यात प्लॅस्टिकच्या बाहीवर मेणानं आकार द्यायचा आणि सोन्याच्या मिश्रधातूत ओतायचा. आकार मनासारखा मिळू लागला, तरी धातू तो धातूच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲल्युमिना या सिरॅमिकचे पांढरे अबटमेंट निघाले. ते दिसायला छान होते, पण बसवताना आणि पुढे वापरातही तडकायचे.

झिर्कोनियाचं नशीब १९७५ मध्ये उघडलं. गार्व्ही, हॅनिंक आणि पास्को या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की हा सिरॅमिक तडा स्वतःच रोखू शकतो. थोडं इट्रियम ऑक्साइड मिसळलं की त्याचे स्फटिक, एरवी फक्त उच्च तापमानाला टिकणाऱ्या रचनेत, नेहमीच्या तापमानालाही थांबून राहतात. तडा जवळ आला की ते रचना बदलतात, साधारण चार टक्के फुगतात आणि तड्याचं तोंड आवळून धरतात. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर शोध वाटतो. १९८० च्या दशकात खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे गोळे झिर्कोनियाचे होऊ लागले. मग भट्टीची पद्धत बदलून बनवलेल्या काही बॅचचे गोळे शरीरात फुटायला लागले आणि २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. पदार्थ चांगला असून भागत नाही, त्याच्यावर काय प्रक्रिया होते यावर सगळं ठरतं, हा धडा तिथून मिळाला. दंतवैद्यकात झिर्कोनिया जोरात आला तो याच सुमारास.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून झिर्कोनियाचे अखंड अबटमेंट थेट इम्प्लांटला स्क्रूनं बसवले जाऊ लागले. रंगाचा प्रश्न मिटला. पण झिर्कोनियाचा कठीणपणा विकर्स मोजमापात १२०० च्या आसपास, तर टायटेनियमच्या मिश्रधातूचा ३५० च्या आसपास. चावताना दोघांमध्ये डोळ्यांना न दिसणारी हालचाल होतेच आणि त्यात मऊ बाजू झिजते. काढलेल्या अबटमेंटच्या बुडाशी करड्या रंगाचा जो पट्टा दिसायचा, ते इम्प्लांटचं घासलेलं टायटेनियम होतं. २०११ मध्ये क्लोट्झ आणि सहकाऱ्यांनी ही झीज प्रयोगशाळेत मोजून दाखवली. अबटमेंट बदलता येतो. हाडात बसलेल्या इम्प्लांटचं तोंड झिजलं तर बदलायचं काय? शिवाय इम्प्लांटच्या आत शिरणारी झिर्कोनियाची पातळ भिंत मोडायची, ते वेगळंच.

त्यातून टाय-बेस, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला टायटेनियमचा बेस, पुढे आला. इम्प्लांटला भिडेल ते टायटेनियम, हिरडीतून वर येईल तो झिर्कोनिया. धातूला धातू भेटला आणि झीज बरीच कमी झाली. मिलिंग मशीन आणि संगणकावरचं डिझाइन तोवर आलेलंच होतं, त्यामुळे कारखान्यात अचूक कातलेला बेस आणि लॅबमध्ये कोरलेला वरचा भाग ही जोडी स्वस्तही पडली. फक्त जिथं पूर्वी एकसंध पदार्थ होता तिथं आता चिकटवलेला सांधा आला.

आणि झिर्कोनिया चिकटायला अत्यंत हट्टी. काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकला हायड्रोफ्लोरिक आम्ल लावलं की ते खरवडलं जातं, वर सायलेन हा जोडणारा द्रव लावला की सिमेंट धरतं. ही पद्धत १९८३ पासून रूढ होती. झिर्कोनियात काच नाहीच, तेव्हा आम्लाला खरवडायला काही सापडत नाही. वाट दाखवली ती जपानच्या कुराराय कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेल्या एमडीपी या रेणूनं. त्याच्या एका टोकाला फॉस्फेट असतं, ते धातूच्या ऑक्साइडला धरतं. दुसरं टोक रेझिन सिमेंटमध्ये मिसळून जातं. झिर्कोनिया स्वतःच ऑक्साइड आहे आणि टायटेनियमच्या अंगावर ऑक्साइडचा थर कायम असतो, म्हणून एकच रेणू दोन्ही बाजू सांभाळतो.

१९९८ चा केर्न आणि वेग्नर यांचा प्रयोग इथं महत्त्वाचा. झिर्कोनियावर चिकटवलेले नमुने त्यांनी १५० दिवस पाण्यात ठेवले आणि मध्ये ३७,५०० वेळा थंड-गरम केले. सुरुवातीला बऱ्याच पद्धती चांगल्या वाटल्या होत्या. शेवटी पकड टिकली ती सँडब्लास्टिंग (बारीक कणांचा फवारा) करून एमडीपीसारख्या फॉस्फेट मोनोमरचं सिमेंट वापरलेल्या नमुन्यांची. मे महिन्यात माठातलं गार पाणी पिऊन लगेच कडक चहा घेणाऱ्या आमच्या पेशंटच्या तोंडात दुसरं काय होतं? नव्या सिमेंटची पहिल्या दिवसाची पकड सांगणाऱ्या जाहिरातीवर मी विसंबत नाही, ते याच प्रयोगामुळे. २०१६ मध्ये ब्लाट्झ आणि सहकाऱ्यांनी तीन पायऱ्या सुटसुटीत मांडल्या: आधी ब्लास्टिंग, मग प्रायमर (सिमेंटआधी लावायचा एमडीपीचा पातळ थर), मग रेझिन सिमेंट.

टेबलावर हे काम असं चालतं. बेस लॅब अॅनालॉगवर, म्हणजे इम्प्लांटच्या लॅबमधल्या प्रतिकृतीवर, आवळायचा, म्हणजे इम्प्लांटमध्ये बसणारी बाजू झाकली जाते आणि ब्लास्टिंगचा कण तिला लागत नाही. स्क्रूचं भोक टेफ्लॉन टेपनं बुजवायचं. चिकटणाऱ्या भागावर मार्कर पेन फिरवायचं. ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाचा फवारा मारल्यावर शाई कुठं उरली ते पाहिलं की कुठली जागा सुटली ते आपोआप कळतं. दाब टायटेनियमला २ बारपर्यंत, झिर्कोनियाला त्याहून थोडा कमी. नंतर अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायचं, कोरडं करायचं, दोन्हींना एमडीपीचा प्रायमर, सिमेंट, दाबून धरणं आणि कडेला ग्लिसरीन जेल, कारण हवा लागली तर रेझिनचा वरचा थर नीट घट्ट होत नाही. शेवटी कड पॉलिश करायची.

मराठवाड्यातली अडचण या कामाच्या वाटणीत आहे. बऱ्याच गावांतून स्कॅनची फाइल पुण्याला किंवा हैदराबादला जाते आणि तयार भाग कुरिअरनं येतो. कधी बेस चिकटवून, कधी सुटा. सुटा आला तर डॉक्टर तोंडात घालून पाहतात, आणि तिथंच घोटाळा होतो. लाळेतलं फॉस्फेट झिर्कोनियाला तसंच चिकटतं जसं एमडीपी चिकटायला हवं, आणि जागा अडवून बसतं. पाण्यानं किंवा स्पिरिटनं पुसून ते जात नाही. काही जण साफ करायला फॉस्फोरिक आम्ल लावतात, त्यानं तर आणखी फॉस्फेट बसतं. उपाय एकतर ट्रायलनंतर पुन्हा हलकं ब्लास्टिंग, नाहीतर झिर्कोनियासाठी बनवलेली क्लीनिंग पेस्ट. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यानं स्टीम क्लीनरमध्ये क्षार साचतात आणि तेच पुढे कामावर उतरतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच हवं. कंप्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असेल तर ब्लास्टिंग करूनही पृष्ठभाग मळतोच.

माझं मत स्पष्ट आहे: सांधा ट्रायलनंतर, तोंडाबाहेर, एकाच माणसानं जोडावा. तोंडात जोडला तर जादा सिमेंट हिरडीखाली शिरतं. २००९ मध्ये विल्सन यांनी एंडोस्कोपनं तपासलं तेव्हा इम्प्लांटभोवतीच्या आजाराच्या ८१ टक्के जागी उरलेलं सिमेंट सापडलं होतं. लॅब म्हणते प्रायमर डॉक्टरनं लावला असेल, डॉक्टर समजतात लॅबनं लावला, आणि सहा-आठ महिन्यांनी दातानं ऊस सोलताना कॅप हातात येते. लॅब स्लिपवर रंग आणि आकार लिहितोच. त्याखाली बेसची उंची, ब्लास्टिंग कुणी केलं, प्रायमर कोणता आणि कुणी लावला, या ओळी छापून घ्याव्यात. बेसची उंचीही त्यातच आली, कारण मागची दाढ लांब असताना आखूड बेस घेतला तर सिमेंटला धरायला जागाच उरत नाही.