आधी मूल सांभाळणारं माणूस, मग भाग, मग फ्लॅट

लहान मुलांना घेऊन पुण्यात राहायला येणाऱ्या कुटुंबांसाठी

पुण्यात नोकरी लागली की बहुतेक जण नकाशावर ऑफिस शोधतात आणि त्याच्या आसपास घर बघायला लागतात. ऑफिस हिंजवडीत, म्हणून वाकड. ऑफिस खराडीत, म्हणून वाघोली. एकट्या माणसाचं किंवा नव्या जोडप्याचं यात काही चुकत नाही. पण आम्ही भाड्याची घरं शोधून देतो, आणि घरात सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर आमच्या टेबलापाशी पहिला प्रश्न वेगळा असतो : सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मूल कुणाजवळ असणार?

गावाकडून आजी-आजोबा येणार, पाळणाघरात ठेवणार, घरी मावशी ठेवणार की दोघांतलं एक जण घरी राहणार, हे आधी ठरवा. जे माणूस दिवसभर मुलाजवळ असेल, त्याच्या सोयीनं भाग निवडायचा. तुम्ही दोघं तिथं फक्त रात्री आणि रविवारी असता.

हे आम्हाला एका चुकीतून कळलं. काही वर्षांपूर्वी लातूरकडचं एक कुटुंब आलं होतं. तीन वर्षांची मुलगी, बरोबर आजी. बाबांचं ऑफिस हिंजवडीत. आम्ही त्यांना तिकडचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. खाली पोहण्याचा तलाव, मुलांना खेळायला रबरी फरशी, गेटवर चार सुरक्षारक्षक. सगळे खूश. तिसऱ्या महिन्यात आजी लातूरला परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "इथं भाजीवालासुद्धा मोबाईलमधून येतो." देवळात जायचं तर हायवे ओलांडायचा, शेजारी बोलायला कुणी नाही आणि नातीला घेऊन कुठं चालत जावं असा रस्ताच नाही. आम्ही फ्लॅट नीट बघितला होता, पण आजींचा दिवस कसा जाईल याचा विचारच केला नव्हता. पुढं त्या कुटुंबाला कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. बाबांचा प्रवास जवळपास दुप्पट झाला. पण आजी परत आल्या आणि राहिल्या. साडेपाचला स्टीलच्या डब्यात सफरचंदाच्या फोडी घेऊन त्या नातीबरोबर खाली उतरतात, कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी भाव करतात आणि सातला वर येतात.

आजी-आजोबा येणार असतील तर

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी, चिंचवडगाव, निगडी-प्राधिकरण हे भाग आधी बघा. इथं किराणा, दवाखाना, देऊळ, बाग, सगळं चालत गाठता येतं. मराठी बोलणारा शेजार मिळण्याचा संभवही जास्त. हिंजवडीला जाणाऱ्यांना आम्ही निगडी-प्राधिकरण आवर्जून सुचवतो. आखून वसवलेली वस्ती आहे, पेठांमधले (म्हणजे सेक्टरमधले) रस्ते शांत आहेत. सुचवल्यावर बहुतेक जण "फार लांब" म्हणतात आणि वाकड घेतात. मग वाकडच्या चौकात रोज किती वेळ थांबावं लागतं, हे सहा महिन्यांनी तेच आम्हाला सांगतात.

जुन्या भागांच्या दोन अडचणीही सांगून ठेवतो. तिथल्या बऱ्याच इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत. घर बघताना सोसायटीच्या सेक्रेटरींना सरळ विचारा की बिल्डरशी बोलणी सुरू आहेत का. करार होऊन चार महिने झाले आणि "घर रिकामं करा" आलं, असं घडतं. शेजारची इमारत पाडायला काढली असेल तर धूळ आणि ड्रिलचा आवाज दुपारी नेमका मुलाच्या झोपेच्या वेळी येतो. दुसरी अडचण म्हणजे अशा इमारतींत ज्येष्ठ मंडळी जास्त आणि तुमच्या मुलाच्या वयाची मुलं एखाददोनच. याबाबतीत पिंपळे सौदागर, वाकड, बाणेर-बालेवाडी, खराडी इथल्या मोठ्या सोसायट्या पुढं आहेत. संध्याकाळी तिथं खाली पोरांचा बाजार भरतो. मूल चार वर्षांचं झालं की त्याला आजीपेक्षा ही पोरं जास्त लागतात, हेही खरं.

पाळणाघर असेल तर

पाळणाघर घराजवळ बघा, ऑफिसजवळ नको, असं आमचं मत आहे. ऑफिसजवळच्या पाळणाघरात मूल सकाळी तुमच्याबरोबर ट्रॅफिकमध्ये बसतं आणि संध्याकाळी पुन्हा बसतं. शिवाय तुम्ही सुट्टीवर असलात किंवा घरून काम करत असलात तरी त्याला तेवढं लांब न्यावं लागतं. अपवाद एकच, मूल अजून अंगावर पीत असेल तर. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी, अशी तरतूद 2017च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं झाली. मुलाच्या आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यावं लागतं. कंपनीच्या एचआरला हे घर शोधण्याच्या आधी विचारा.

पाळणाघर बघायला जाल ते सांगून जाऊ नका. दुपारी दोनला जा. मुलं झोपलेली असतात तेव्हा सांभाळणाऱ्या ताई काय करताहेत, ते दिसतं.

शाळेचं वेळापत्रक घरापेक्षा कडक आहे

घर महिन्याभरात मिळतं. शाळेचं तसं नाही. पुण्यातल्या बऱ्याच खासगी शाळांची नर्सरीची प्रवेशप्रक्रिया दिवाळीच्या आसपास सुरू होते, वर्ग मात्र त्यानंतरच्या जूनमध्ये भरतात, काही केंद्रीय मंडळाच्या शाळांत एप्रिलमध्येच. म्हणजे मे महिन्यात बदली होऊन आलात तर जागा उरलेल्या शाळांतूनच निवड करावी लागते. आधी शाळा नक्की करा, मग तिच्या दोन किलोमीटरच्या आत घर शोधा. पाच वर्षांच्या पोराला रोज दोन तास व्हॅनमध्ये घालवावे लागले तर शाळा कितीही नावाजलेली असून उपयोग काय?

वयाचा हिशोब 31 डिसेंबरला धरतात : त्या तारखेला नर्सरीसाठी 3 वर्षं आणि पहिलीसाठी 6 वर्षं पूर्ण हवीत. परराज्यातून येणाऱ्यांनी हे आधी तपासावं, कारण तिकडच्या तारखा वेगळ्या असतात. मराठी विषय 2020च्या कायद्यानं इथं सगळ्या मंडळांच्या शाळांत आहे. त्यामुळं मोठं भावंड चौथी-पाचवीत असेल आणि बंगळूर किंवा हैदराबादहून येत असेल, तर त्याच्या मराठीची तयारी सुट्टीतच सुरू करा.

शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घराचं शाळेपासूनचं अंतर मोजलं जातं. भाड्याच्या घराचा करार नोंदणीकृत आणि अर्जाच्या आधीचा लागतो. नोटरी केलेला कागद चालत नाही. दरवर्षी कुणी ना कुणी तो कागद घेऊन आमच्याकडं येतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पाणी आणि ओढा

फ्लॅट बघताना लोक स्वयंपाकघराच्या फरशा बघतात, आम्ही नळाचं विचारतो. पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? पिंपरी-चिंचवडमध्ये 2019च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. पुणे महापालिकेत दुरुस्तीसाठी गुरुवार गाठतात, त्यामुळं बुधवारी रात्री बादल्या भरायची सवय लावून घ्या. सूस, म्हाळुंगे, वाघोली ही गावं 2021मध्ये महापालिकेत आली, पण गाव महापालिकेत आलं म्हणजे पाइपलाइन घरापर्यंत पोचली असं नव्हे. तिथं टँकरचा खर्च देखभालीच्या रकमेत धरला आहे की वेगळा, हे विचारून घ्या. 2025च्या जानेवारीत सिंहगड रोडकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गुलेन-बॅरी सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पिण्याच्या पाण्याकडंच बोट गेलं होतं. लहान मूल असलेल्या घरात पाणी उकळून प्या, टँकर असो वा नळ.

ओढ्याचं आणि नदीचंही बघा. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सहकारनगर, अरण्येश्वरच्या वस्त्यांत शिरलं. 2024च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली. वर चांगलं म्हणून नाव घेतलेल्या भागांतही अशा गल्ल्या आहेत. खालच्या मजल्याचं घर स्वस्त मिळत असेल तर पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ आहे का, ते बघा. वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

घर बघायला केव्हा यावं

रविवारी सकाळी सगळंच चांगलं दिसतं, रस्ते मोकळे असतात. एकदा कामाच्या दिवशी आठ वाजता या, एकदा संध्याकाळी साडेपाचला. मुलाला बरोबर आणा आणि गेटपासून जवळच्या किराणा दुकानापर्यंत त्याचं बोट धरून चाला. फुटपाथ आहे का, त्यावर दुचाक्या लावल्यात का, रस्ता ओलांडताना त्याला उचलून घ्यावं लागलं का? जाऊन येईपर्यंत दोनदा उचलावं लागलं तर आजीला ते रोज जमणार नाही.

बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकच्या वेळा बघून ठेवा. दुपारी बहुतेक बंद असतात, रविवारीही. म्हणून रात्री उघडं असणारं मुलांचं रुग्णालय किती लांब आहे ते बघा, तेही पावसाळ्यातल्या संध्याकाळचं अंतर धरून. लसीकरण महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होतं, जुनं कार्ड जपून आणा.

उंच इमारतीत बाल्कनीच्या कठड्याच्या दांड्या आडव्या आहेत की उभ्या, ते बघा. आडव्या असतील तर दोन वर्षांच्या मुलासाठी ती शिडी झाली. जाळी किंवा ग्रिल लावायला सोसायटीची परवानगी आहे का, हे करारावर सही करण्याआधी विचारा. बाहेरून इमारत वेगळी दिसते म्हणून कित्येक ठिकाणी लावू देत नाहीत. अशी सोसायटी आम्ही लहान मुलं असलेल्यांना दाखवतच नाही, घरमालक कितीही ओळखीचे असले तरी.

मेट्रोनं काही गणितं सोपी केली आहेत. वनाज ते रामवाडी हा मार्ग मार्च 2024पासून पूर्ण सुरू आहे, त्यामुळं कोथरूडला राहून विमाननगरला नोकरी करणं आता जमतं. खराडीसाठी रामवाडीहून पुढं रिक्षा किंवा बस लागते, ती वेळ धरा.

आमच्याकडं येताना

मुलांच्या जन्मतारखा, कोण किती महिने सोबत राहणार आणि दोघांच्या ऑफिसच्या वेळा लिहून आणा. बजेट शेवटी विचारतो. शक्यतो एका दिवसात तीनपेक्षा जास्त घरं दाखवत नाही, कारण चौथ्या घरात मूल रडायला लागतं आणि आईबाप कशालाही हो म्हणतात. भाडेकरार 11 महिन्यांचा, ऑनलाइन नोंदणीसह करून देतो, भाडेकरूंची पोलिसांकडची नोंदही आम्हीच करतो. आमची फी एका महिन्याचं भाडं, घर पक्कं झाल्यावरच. आजी गावाकडं असतील तर त्यांना घर बघायला नक्की आणा. चहा आमच्याकडं.