कचेरीची आगोट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणातल्या बाजारात सुक्या मासळीचा वास भरून राहतो. सोडे, बोंबील, जवळा, शेजारी कांद्याच्या माळा, आमसुलं, खडेमीठ. घरं शाकारली जातात, पडवीला पाऊस अडवणारी झड लागते, लाकूडफाटा मांगरात जातो. पावसाळ्याआधीची ही बेगमी म्हणजे आगोट. तिच्यामागे एक हिशेब असतो आणि तो कुणी कागदावर मांडत नाही. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, साकवावरून पाणी गेलं की चार दिवस बाजार नाही, घरात खाणारी तोंडं इतकी. मग सुकं किती, तांदूळ किती, काड्यापेट्या किती? पाऊस अडवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तो पडत असताना चूल पेटती राहिली म्हणजे झालं.

गंमत अशी, की त्याच घरातला माणूस दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत, दवाखान्यात, आंब्याच्या कॅनिंगमध्ये नाहीतर बर्फाच्या कारखान्यात कामाला जातो आणि तिथे आगोट नसते. फार तर खिडकीला ताडपत्री लागते आणि फायली खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात जातात.

संस्थांच्या आगोटीचं आता रीतसर शास्त्र झालं आहे. त्याला कार्यसातत्य म्हणू, म्हणजे संकटातही काम चालू ठेवणं. आयएसओ २२३०१ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आलं, २०१९ मध्ये सुधारलं गेलं. मानकाची भाषा रुक्ष आहे, पण त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. आपण सहसा विचारतो, ‘कोणतं संकट येईल?’ हे शास्त्र विचारतं, ‘कोणतं काम किती वेळ बंद राहिलेलं चालेल?’ संकटांची यादी कधी संपत नाही. वादळ, पूर, दरड, आग, साथ, संगणकातला व्हायरस. पण ती सगळी येऊन आदळतात त्या जागा चार-पाचच असतात: इमारतीत जाता येत नाही, वीज किंवा फोन नाही, माणसं पोहोचत नाहीत, नोंदी गेल्या, माल देणारा बंद पडला. वादळाने वीज गेली काय आणि दरडीने खांब पडला काय, फ्रीजला दोन्ही सारखंच.

फ्रीजचंच घेऊ. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्यासाठीच्या खास फ्रीजच्या भिंतींत बर्फाचा थर असतो. बर्फ वितळताना भरपूर उष्णता शोषतो आणि तोवर तापमान फारसं हलत नाही, त्यामुळे झाकण उघडलं नाही तर वीज नसताना वीसेक तास तो गारवा धरतो. म्हणजे या कामाची सहनमर्यादा वीस तास. डायलिसिसची मर्यादा दोन-तीन दिवस. पतसंस्थेत पैसे काढायची खिडकी एक दिवस बंद राहिली तर लोक कुरकुरतात, चार दिवस राहिली तर अफवा उठते, आणि पतसंस्थेला पुरापेक्षा अफवा महागात पडते. वार्षिक अहवालाची छपाई मात्र महिनाभर थांबली तरी कुणाचं काही अडत नाही. एवढी वर्गवारी केली की निम्मी आगोट झाली, कारण जनरेटर, माणसं आणि पैसा कुठे लावायचा ते इथेच कळतं.

आता या वीस तासांसमोर ३ जून २०२० ठेवा. ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. वादळ काही तासांत पुढे गेलं. वीज मात्र श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागातल्या कित्येक गावांत काही आठवडे आली नाही. हिशेब तासांचा आणि अंधार आठवड्यांचा! त्यातून साखळी कशी तुटत जाते ते बघण्यासारखं आहे. खांब पडले म्हणून वीज नाही. मोबाइलच्या टॉवरला बॅटरी असते, पण काही तासांपुरती. ती संपली की टॉवर डिझेलवर, आणि डिझेल पोहोचवायचं तर रस्त्यावर आडवी झालेली झाडं आधी तोडायला हवीत. पेट्रोल पंपाच्या टाकीत इंधन असतं, पण ते वर ओढणारी मोटर विजेवर चालते. एटीएमला वीजही लागते आणि नेटवर्कही. जनरेटर आहे म्हणून निश्चिंत असलेल्याला चौथ्या दिवशी कळतं, की आपला जनरेटर मुळात पंपवाल्याच्या जनरेटरवर चालतो.

चिपळूणची गोष्ट उंचीची. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहरात पाण्याच्या खुणा राहिल्या आणि त्या खुणेच्या वर माल ठेवला की झालं, असा अनेकांचा हिशेब होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. पलीकडे महाबळेश्वरला त्याच सुमारास २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाशिष्ठी फक्त आपल्या खोऱ्याचा पाऊस वाहत नाही, कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजलही, म्हणजे वीज काढून झाल्यावर सोडलेलं पाणीही, तिच्यातूनच दाभोळच्या खाडीकडे जातं. त्यात पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. समुद्र चढलेला असताना खाडीचं तोंड बाटलीला बूच लावल्यासारखं होतं. यातली भरती तरी अवचित नव्हती. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्याचाच हा ढोबळ पाऊण तास. कोळीवाड्यात पोरासोरांना येणारं हे गणित खाडीकाठच्या किती कार्यालयांत भिंतीवर लावलेलं असतं?

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्दही फसवे आहेत. त्यांचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. हीच संख्या तीस वेळा गुणली की उरतात ०.७४. म्हणजे तीस वर्षांत, एका माणसाच्या नोकरीच्या काळात, तो पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता २६ टक्के. आज येऊन गेला म्हणून उद्या तो रजेवर जात नाही. शिवाय हे गणित जुना पाऊस आणि नवा पाऊस सारखाच मानतं, आणि अरबी समुद्र तापत असताना ते मानणं अवघड आहे.

२०२१ च्या त्या पुरात चिपळूणच्या एसटी आगाराचे व्यवस्थापक सहकाऱ्यांसह बुडालेल्या बसच्या टपावर सुमारे ९ लाखांची रोकड सांभाळत तासन् तास बसून राहिले. त्यांचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. माझ्या मनात मात्र राहून राहून येतं, की बसचा टप हा कुठल्याही आगाराच्या तिजोरीचा दुसरा पत्ता असता कामा नये. माणूस शौर्य दाखवतो तिथे बहुतेकदा आधी कुणीतरी एक जिना बांधायचा राहिलेला असतो.

जिन्याचा धडा जपानने फार मोठी किंमत देऊन शिकवला. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात भूकंपानंतर आणीबाणीचे जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले. पण त्यातले बहुतेक तळमजल्यात नाहीतर तळघरात होते. त्सुनामीचं पाणी शिरलं आणि ते एकामागोमाग बंद पडले. सहाव्या अणुभट्टीचा, हवेने थंड होणारा एक जनरेटर तेवढा चालू राहिला आणि त्याच्यावर पाचवी आणि सहावी अणुभट्टी तगली. जनरेटर दहा असले आणि दहाही एकाच पाण्यात बुडणार असले, तर आपल्याकडे जनरेटर एकच आहे असं समजावं.

हे गणित नीट पाहू. एक रस्ता बंद पडण्याची शक्यता शंभरात एक, दुसऱ्याची तेवढीच. दोन्ही एकदम बंद व्हायची शक्यता दहा हजारात एक, असं वाटून माणूस सुखाने झोपतो. पण हा गुणाकार चालतो तो दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसेल तरच. आंबा घाट बंद झाला तर कुंभार्लीने जाऊ, हे म्हणणं अपघात झाला असेल तर ठीक आहे. दरड कोसळली असेल तर नाही, कारण पाऊस दोन्ही घाटांवर एकच पडतो. ऑफिसातल्या संगणकाची प्रत त्याच टेबलाच्या खणातल्या हार्ड डिस्कवर ठेवणं हे तसंच.

याचा एक जागतिक नमुना आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळ न्हावा-शेव्याला दिसला होता. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या संगणकी हल्ल्याने मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी आडवी झाली आणि न्हावा-शेव्यातल्या तिच्या टर्मिनलचं कामही अडकलं. कंपनीच्या जाळ्यात कोण कर्मचारी, कुणाला काय उघडायचा अधिकार, याची नोंदवही ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते. एक गेला तर दुसऱ्यावरून उतरवून घेऊ, असा बेत. पण ते सतत एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घानाचा, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका प्रतीवरून कंपनी उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने भरावे लागले. लोडशेडिंगची अशी थोरवी मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

म्हणून नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक दूर आणि जाळ्यापासून सुटी, असा नियम सांगतात. खाडीकाठच्या पतसंस्थेने ‘दूर’ म्हणजे वरचा मजला समजू नये, घाटापलीकडचं, पुराच्या पाण्यापासून लांबचं गाव समजावं. रात्री आठला प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी शिरलं, तर सकाळपासूनचे व्यवहार गेले. ते परत कसे उभे करणार, हेही आधीच ठरवायचं. इथे जुना कागद कामाला येतो. पिग्मी एजंटने दिलेली पावती खातेदाराच्या खिशात असते, ती संस्थेची चौथी प्रतच की!

डिझेलबद्दल थोडं, कारण त्याकडे कुणी बघत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत कोकणातली दमट हवा शिरते आणि रात्री तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. ते तळाशी बसतं, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत गाळ फिल्टरमध्ये अडकतो. जनरेटर दर शनिवारी पाच मिनिटं ‘घुर्र’ करून बंद केला तर हे कळत नाही. त्याच्यावर खरा भार टाकून तासभर चालवला तरच कळतं. खारा वारा बॅटरीच्या टोकांचं काय करतो ते मी किनाऱ्यावरच्या माणसाला काय सांगणार?

सगळं बंद किंवा सगळं चालू, या दोहोंच्या मधली अवस्था आधीच लिहून ठेवावी, हे कोकण रेल्वेकडून घ्यावं. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ पावसाळ्यातच मोठे अपघात झालेला हा मार्ग. त्याचं पावसाळ्याचं वेळापत्रकच निराळं असतं, बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. गाड्या सावकाश धावतात, रुळांवर रात्रंदिवस गस्त असते आणि धो धो पावसात पुढचं दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, हे ठरलेलं असतं. चालकाला त्या क्षणी कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही. दवाखान्याचं ‘पावसाळी वेळापत्रक’ कसं असेल? कोणती शस्त्रक्रिया थांबेल, कोणती नाही, आणि हे म्हणायचा अधिकार डॉक्टर पोहोचले नाहीत तर कुणाचा?

माणसांचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण पुरात कर्मचाऱ्याचंही घर बुडतं. पण त्याची चाचणी कोकणात दरवर्षी फुकटात होते. गणपतीच्या पाच दिवसांत कुठल्याही कचेरीत जाऊन पाहा. कोणता कागद कुणावाचून अडला, कुठला पासवर्ड फक्त हेडक्लार्कच्या डोक्यात होता आणि हेडक्लार्क आरतीत असल्याने फोन उचलत नव्हता, हे सगळं तिथे उघडं पडतं. कुणी वहीत टिपत मात्र नाही.

दुसरी चाचणी आपली आपण घ्यावी. मे महिन्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी, कामाच्या ऐन गर्दीत अकरा वाजता, आगाऊ न सांगता मेन स्विच बंद करायचा आणि दुपारपर्यंत तसंच काम चालवायचं. पहिल्या वर्षी बहुधा जनरेटरपर्यंत गोष्ट जातच नाही, कारण जनरेटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे यावरच अर्धा तास जातो.