होमकमिंग : घरी नेमकं येतं कोण?

सप्टेंबरच्या शेवटी डॅलसजवळ ताईकडे गेले होते. जेवणाच्या टेबलावर ताटं मांडायला जागा नव्हती. निळ्या-पांढऱ्या रिबिनींची भेंडोळी, ग्लू गन, छोट्या घंटांची पिशवी आणि मधोमध बशीएवढं कापडी शेवंतीचं फूल. नववीतल्या भाचीचं ‘मम’, म्हणजे अंगावर मिरवायचं रिबिनींचं फूल, तयार होत होतं. हा सगळा थाट तिच्या शाळेच्या ‘होमकमिंग’ या वार्षिक सोहळ्यासाठी. शुक्रवारी शाळेची मॅच, शनिवारी दुपारी मंडळाचा भोंडला आणि संध्याकाळी शाळेचा डान्स. भावजींनी सहज विचारलं, “होमकमिंग म्हणतात, पण घरी येतंय कोण?” त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

घरी येणारे म्हणजे माजी विद्यार्थी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन विद्यापीठांना त्यांना परत बोलावण्याची गरज वाटू लागली आणि त्यासाठी अमेरिकन फुटबॉलच्या मॅचइतकं चांगलं निमित्त दुसरं नव्हतं. पहिलं होमकमिंग कुणाचं, यावर आजही वाद घातला जातो. टेक्ससमधल्या वेको गावच्या बेलर विद्यापीठाने नोव्हेंबर १९०९ मध्ये माजी विद्यार्थ्यांना बोलावून मिरवणूक काढली, शेकोटी पेटवली आणि मॅच खेळवली. पण पुढचा सोहळा व्हायला १९१५ उजाडलं. इलिनॉय विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली आणि ऑक्टोबर १९१० मध्ये ती प्रत्यक्षात आली. तिथे १९१८ च्या फ्लूच्या साथीचा अपवाद सोडला, तर दीर्घकाळ खंड पडला नाही.

मला सगळ्यात आवडते ती मिसूरी विद्यापीठाची गोष्ट. मिसूरी आणि कॅन्सस हे हाडवैरी संघ आपली मॅच कॅन्सस सिटीत, म्हणजे दोघांच्याही अंगणाबाहेर खेळायचे. मग मॅच विद्यापीठाच्याच मैदानावर झाली पाहिजे असा नियम आला. १९११ ची मॅच मिसूरी विद्यापीठाच्या कोलंबिया या छोट्या गावात होणार होती. एवढ्या लांब माणसं येतील का? क्रीडा संचालक चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांना हाक दिली, ‘घरी या’. हजारोंच्या संख्येने ते आले. मॅच ३-३ अशी बरोबरीत सुटली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती गर्दी.

पुढच्या काही दशकांत ही प्रथा विद्यापीठांतून हायस्कुलांत उतरली आणि उतरताना बदलली. हायस्कूलच्या होमकमिंगमध्ये माजी विद्यार्थी असतात, पण प्रेक्षकांत. सगळा आठवडा असतो तो आत्ता शिकणाऱ्या मुलांचा. त्याला म्हणतात स्पिरिट वीक. एक दिवस पायजम्यात शाळेत यायचं, एक दिवस मैत्रिणीसारखे जुळे कपडे घालायचे, एक दिवस जुन्या दशकाचा वेश करायचा. आपल्या कॉलेजातले साडी डे, मिसमॅच डे आठवावेत, इतकं हे ओळखीचं आहे. शुक्रवारी पेप रॅली, म्हणजे संघाला चेव आणणारा शाळेतला मेळावा, रात्री मॅच, मध्यंतरात राजा-राणीचा मुकुट, शनिवारी डान्स.

मम मात्र खास टेक्ससचं. १९३०च्या दशकात मुलगा आपल्या जोडीदारणीला शेवंतीचं खरं फूल आणि दोन रिबिनी द्यायचा. आता फूल कापडी आणि रिबिनी गुडघ्याच्या खाली. त्यांवर चमकत्या अक्षरांत नावं, मध्ये टेडी बेअर, कुठे कुठे बॅटरीवरचे दिवेसुद्धा. टाचणीला वजन पेलत नाही म्हणून ते गळ्यात अडकवतात. बारावीच्या मुलींचं मम पांढरं आणि चंदेरी, बाकीच्यांचं शाळेच्या रंगांचं. मुलं दंडावर त्याचीच छोटी आवृत्ती बांधतात. त्या दिवशी शाळेच्या कॉरिडॉरमधून मुली चालत गेल्या की घंटांचा नाद वर्गात ऐकू येतो, असं भाचीने सांगितलं.

आणि हे सगळं शुक्रवारीच का? हायस्कूल शुक्रवारी रात्री, कॉलेज शनिवारी, व्यावसायिक संघ रविवारी, ही वाटणी तिथे इतकी पक्की आहे की तिला कायद्याचाही आधार आहे. व्यावसायिक संघांना टीव्हीचे हक्क एकत्र विकण्याची सवलत १९६१ च्या कायद्याने मिळाली, पण कॉलेजच्या मॅचच्या वेळा सोडायच्या या अटीवर. १९६६ मध्ये ते संरक्षण हायस्कूलच्या शुक्रवारच्या रात्रीलाही मिळालं. गावातल्या पोरांच्या मॅचसाठी संसदेने एवढी जागा राखून ठेवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण ‘घरी या’ म्हणताना घरचं कोण, हेही कुणीतरी ठरवत असतं. दक्षिण टेक्ससमधलं क्रिस्टल सिटी हे पालकाच्या भाजीची शेती करणारं गाव. तिथे १९३७ पासून पालक खाऊन ताकद मिळवणाऱ्या पॉपाय या कार्टूनमधल्या खलाशाचा पुतळा उभा आहे. गावात बहुसंख्य लोक मेक्सिकन वंशाचे, सत्ता मात्र गोऱ्यांची. हायस्कूलच्या चीअरलीडर, म्हणजे मॅचमध्ये संघाला चेव देणाऱ्या मुली, शिक्षक निवडायचे आणि अलिखित हिशेब ठरलेला होता : तीन गोऱ्या, एक मेक्सिकन. १९६९ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने होमकमिंगच्या राणीसाठी नियम केला : तिची आई किंवा वडील याच शाळेतून पास झालेले हवेत. ज्या घरांतली माणसं हंगामाच्या मजुरीसाठी दरवर्षी उत्तरेला जायची, त्यांच्यात शाळा पूर्ण केलेले आईवडील कितीसे असणार? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा कशी सुटते, हे आपण पाहतोच. कागदावर जातीचा, रंगाचा उल्लेख नव्हता, तरी नियमाच्या त्या एका ओळीने गावातल्या बहुतेक मुली राणीच्या निवडीतून बाद झाल्या.

डिसेंबर १९६९ मध्ये मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला. सेवेरिटा लारा ही शाळकरी मुलगी पुढे होती. मागण्या मुकुटापुरत्या राहिल्या नाहीत. दोन भाषांतून शिक्षण हवं, अभ्यासात आमचाही इतिहास हवा, असं मुलं म्हणू लागली. तिघं जण वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरांना भेटून आले. जानेवारी १९७० मध्ये शाळा मंडळाने बहुतेक मागण्या मान्य केल्या आणि मुलं वर्गात परतली. त्याच महिन्यात तिथे ला रासा उनिदा हा राजकीय पक्ष उभा राहिला आणि एप्रिलच्या निवडणुकीत त्याचे उमेदवार त्याच शाळा मंडळावर निवडून आले.