शिष्यवृत्ती गेली सातवीला, एनएमएमएस आठवीलाच

पुण्यातल्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पालक राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आणि केंद्राची एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा) या दोन्हींना सरसकट ‘स्कॉलरशिप’ म्हणतात. दोन्ही घेते पुण्यातलीच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, त्यामुळे घोळ वाढतो. त्यात राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, जी 2016-17 पासून पाचवी-आठवीला होती, ती शासनाने पुन्हा चौथी-सातवीला नेली. ‘आठवीची स्कॉलरशिप बंद झाली’ हे वाक्य आता घरोघरी पोहोचेल, आणि मला काळजी त्याचीच वाटते, कारण एनएमएमएस आठवीलाच आहे.

शिष्यवृत्ती परीक्षा राज्याची. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर. बसायला उत्पन्नाची अट नाही. म्हणून चांगल्या क्लासला जाणारी मुलंही याच गुणवत्ता यादीच्या शर्यतीत असतात.

एनएमएमएस केंद्राची योजना, 2008 पासूनची, आणि ती मुळातच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या हुशार मुलांसाठी आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत 55 टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी 50). मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत असावं. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय यांना प्रवेश नाही. म्हणजे येरवड्यातल्या किंवा हडपसरमधल्या मनपा शाळेतल्या मुलीची स्पर्धा तिच्यासारख्याच परिस्थितीतल्या मुलांशी होते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. राज्याच्या शिष्यवृत्तीत आठवीसाठी 2023-24 पासून वर्षाला 7,500 होते.

एनएमएमएसचे पेपर दोन: मॅट (बौद्धिक क्षमता चाचणी) आणि सॅट (शालेय विषयांची चाचणी), प्रत्येकी 90 प्रश्न. सॅटमध्ये विज्ञान आणि समाजशास्त्राचे 35-35 प्रश्न, गणिताचे 20. भाषा नाही. त्यामुळे शिष्यवृत्तीची तयारी झालेल्या मुलांना मॅट सोपा जातो, पण विज्ञान-इतिहास-भूगोल आयत्या वेळी काढून चालत नाही.

खरी गळती निकालानंतर होते. यादीत नाव आलं म्हणजे पैसे आले असं नाही. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, पुढे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवा. दहावीला किमान 60 टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी 55) मिळाले तरच अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहते. आणि मनपाची शाळा आठवीला संपत असेल, तर नववीसाठी विनाअनुदानित शाळेत नाव घालण्याआधी थांबा: तिथे गेलात की ही रक्कम बंद होते.